तिसऱ्या गिअरला काजबटण

उजवीकडे वळायचं म्हणून मी हात बाहेर काढला आणि तो खाडकन काचेवर आपटला. बोटांची सालटं निघाली. “आई गं!” म्हणून मी ओरडले, आणि शेजारी बसलेले आरटीओचे साहेब माझ्याहून मोठ्यानं ओरडले, “बाई, काच आहे ती! समोर बघा, समोर!”

समोर बघितलं तर झेंड्याचा खांब. मी ब्रेक मारला. आमच्या घरच्या रीतीनं मारला, म्हणजे दणकून. गाडी जागच्या जागी उभी राहिली. साहेब मात्र राहिले नाहीत. त्यांचा चष्मा पुढे, पेन माझ्या मांडीवर आणि कागद पायाखाली. त्यात सवयीनं मी ब्रेक आणखी एकदा दाबला. तो कशासाठी, ते देवालाच माहीत, कारण गाडी केव्हाच थांबली होती.

साहेबांनी चष्मा शोधला, पुसला, डोळ्यांवर चढवला.

“गाडी कुणी शिकवली तुम्हाला?”

“मिस्टरांनी.”

“त्यांना लायसन आहे?”

“आहे की! कधीचं आहे.”

“मग पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या. मला बघायचंय त्यांना.”

म्हणजे मी नापास. पाटणला कॉलेजच्या मागच्या मैदानावर महिन्यातून एकदा आरटीओचा कॅम्प लागायचा, तिथे चारचौघांसमोर, मोटारसायकलवाल्या पोरांच्या हसण्यात मी नापास झाले. गाडी आमच्या शेजारच्या भगवानच्या ड्रायव्हिंग स्कूलची होती, नवी कोरी. काच इतकी स्वच्छ की आहे हेच कळत नव्हतं. आता यात माझा काय दोष, तुम्हीच सांगा. आमच्या गाडीची ड्रायव्हरच्या बाजूची काच कधी वर यायचीच नाही. खिडकी म्हणजे मोकळी, हेच मी शिकले होते.

आमची गाडी म्हणजे ती त्या वेळची छोटी गाडी. आमचे हे म्हणजे दिगंबर माळवदे, माळवदे टेलर्स, बसस्टँडसमोर. कुणा डॉक्टरांनी वापरून वापरून टाकून दिलेली गाडी ह्यांनी घरी आणली, आणि त्या दिवसापासून तिला दुसऱ्या माणसाचा हात लागू दिला नाही. “शिलाई मशीन मी खोलतो, जोडतो. ही काय वेगळी आहे? हिला चाकं जास्त, एवढंच.” असं ह्यांचं म्हणणं. त्यामुळे गाडीत जे जे बिघडलं ते ते दुकानातल्या सामानानं दुरुस्त झालं. मागच्या काचा नाडीनं वर ओढायच्या आणि खुंटीला बांधायच्या. सीटला सफारीची उरलेली कापडं, चार सीटला चार रंग. हॉर्नला घरातल्या बेलचं बटण. थंडीत इंजिनवर एका गिऱ्हाइकानं शिवून घेऊन कधीच न नेलेला लोकरी कोट. कुंभार्ली घाटात पंख्याचा पट्टा तुटला तेव्हा ह्यांनी माझ्या नव्या साडीचा काठ टराटरा फाडला, पिळून बांधला आणि आम्ही चिपळूणला लग्नाला पोचलो. मी बिनकाठाच्या साडीत. तिथल्या बायकांना वाटलं नवी फॅशन आली.

तिसरा गिअर टाकला की निसटायचा. त्यावर ह्यांनी सीटच्या कडेला कोटाचं मोठं बटण शिवलं आणि गिअरच्या दांड्याला काज असलेली पट्टी. तिसरा टाकायचा की बटण लावायचं, काढायचा की बटण सोडायचं. आणि ब्रेक? आमचा ब्रेक पहिल्यांदा दाबला की “काय?” म्हणायचा, दुसऱ्यांदा दाबला की “बरं” म्हणायचा. अशा गाडीवर मी शिकले. मग भगवानच्या गाडीत बसून मी दुसरं काय दिवे लावणार होते?

हसण्यावारी नेण्यासारखं असतं तर मीही नेलं असतं. पण माझं फार मोठं काम त्या लायसनवर अडलं होतं. मी अंगणवाडी सेविका. पोरांची नाकं पुसत, वजनं करत, खिचडी शिजवत केस पिकायला लागले, तेव्हा कुठे परीक्षा देऊन मुख्य सेविकेच्या यादीत माझं नाव लागलं. माझं बीट, म्हणजे फिरतीचा भाग, निघाला कोयनेच्या अंगाचा, डोंगरातल्या वाड्यांचा. एसटी सकाळी एक जायची ती संध्याकाळी परत यायची, आणि पुष्कळ वाड्यांना तीही नाही. ऑफिसातल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, “माळवदेबाई, स्वतःच्या वाहनाची सोय असेल तरच हो म्हणा. नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईंना विचारतो.” होकार कळवायचा होता पुढच्या कॅम्पनंतरच्या सोमवारी. म्हणजे माझ्या हातात आता एकच संधी होती.

तर त्या दिवशी बोटाला फडकं गुंडाळून मी तरातरा दुकानात गेले. हे मशीनवर होते, गळ्यात टेप.

“विकून टाका ती गाडी!”

“का? गाडीचं काय चुकलं?” ह्यांनी मशीन थांबवलंसुद्धा नाही. “तू बसलीस दुसऱ्याच्या गाडीत.”

“माणसांच्या गाड्या कशा असतात ते मला आज कळलं. ब्रेक मारला की थांबतात त्या! काच लावली की लागते! आणि मी तिथे बटण शोधत बसले हो, तिसऱ्या गिअरचं बटण! साहेब म्हणाले, काय शोधताय? काय सांगू त्यांना?”

दुकानाच्या आत वन्सं बसल्या होत्या, ह्यांच्या थोरल्या बहीण, वत्साक्का. काजं-बटणं त्यांच्याकडे असायची. त्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

“अक्का, अंगण खरंच वाकडं आहे. तुमच्या भावानं शिवलंय ते.”

अक्कांना हसू आलं. ह्यांना नाही आलं. गाडीला नावं ठेवली की ह्यांचं तोंड असं व्हायचं, जणू मी ह्यांच्या आईलाच बोलले.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून हे गाडी घेऊन कुठेतरी गेले. दिवेलागणीला परत आले. पाय धुतले, पाटावर बसले. मी वाढलं. भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात.

“काय झालं?”

“ब्रेक करून आणले.”

“कुठून?”

“कराडला. गॅरेजात.”

अक्कांच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. गॅरेज हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे.

“दुसऱ्याचा हात लागला शेवटी,” हे म्हणाले. “शर्ट बिघडला तर गिऱ्हाईक चार शिव्या देईल. ब्रेकचं तसं नाही. तू चालवणार. तुझ्या जिवाशी खेळ नको.”

“म्हणजे इतकी वर्षं आमच्या जिवाशी चालला होता तो खेळच होता की हो!”

“तेव्हा मी चालवत होतो,” हे म्हणाले आणि जेवायला लागले. बोला आता!

भगवाननं तर हात जोडले. “वहिनी, जीव मागा, देतो. ती नवी गाडी मागू नका.” त्यामुळे पुढची परीक्षा आमच्याच गाडीवर द्यायची, हे ठरल्यासारखंच होतं. रोज संध्याकाळी मी गाडी चालवायची, हे शेजारी. ब्रेक एका दाबात लागायला लागला होता, ते आता नव्यानं शिकायचं. पण खरी पंचाईत वेगळीच होती. हे सहा फुटांच्या वर, मी पाच फुटांच्या आत. सीट ह्यांनी कधीकाळी स्वतःसाठी पार मागे सरकवली होती, ती तिथंच गंजून बसली. मग माझ्या बुडाखाली दोन उशा, पाठीला लोड, आणि पाय तरीही पेडलवर नुसते टेकल्यासारखे. मी गाडी चालवायला निघाले की घरात टेकायला काही उरायचं नाही, असं अक्का म्हणायच्या.

एके दिवशी चढावर गाडी उभी केली आणि क्लच दाबायला पाय ताणला, तर पाठीमागचा लोड सरकला. लोडाबरोबर मी. सरळ स्टिअरिंगच्या खाली. वर आकाश दिसतंय, गाडी मागे चाललीय, आणि हे “ब्रेक, ब्रेक!” म्हणून ओरडतायत. ब्रेक कुठे होता ते त्यांनाच ठाऊक. गाडी जाऊन थांबली ती पाटलांच्या उकिरड्यात. कोंबड्या आमच्याकडे बघायला लागल्या.

मग माझा बांध फुटला. मी तिथंच, उकिरड्यात बसून रडायला लागले. “नको मला ती बढती. मी आपली बरी माझ्या अंगणवाडीत. उद्याच जाऊन सांगते साहेबांना, त्या दुसऱ्या बाईंना द्या म्हणून.”

हे खाली उतरले, माझ्या बाजूला आले. मला वाटलं, आता दोन शब्द धीराचे बोलतील. तर हे वाकून माझ्याकडे टक लावून बघतायत.

“शालन, जरा तशीच बस. पाठ टेक. हलू नको.”

आणि गळ्यातला टेप काढून ह्यांनी माझी मापं घ्यायला सुरुवात केली. कमरेपासून गुडघा. गुडघ्यापासून टाच. खांद्यापासून मनगट. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

“अहो, लोकं बघतायत!”

“बघू देत. पाय सरळ कर.”

“लाज नाही वाटत भर रस्त्यात?”

“इतकी वर्षं झाली लग्नाला, तुझं एक माप कधी चुकलं नाही ब्लाउजचं,” हे स्वतःशीच पुटपुटले. “आणि ही गाडी मी तुला तयार कपड्यासारखी दिली. कसं होणार?”

त्यानंतर गाडी दुकानाच्या मागे गेली, तिच्यावर ताडपत्री. मला तिकडे फिरकायची बंदी. हातोड्याचे आवाज, करवतीचे आवाज, मध्येच ह्यांचं कण्हणं. कॅम्प जवळ येत चालला आणि माझा सराव बंद. मी चिडले, अबोला धरला, अक्कांजवळ गाऱ्हाणं केलं. अक्का म्हणाल्या, “तो काही ऐकायचा नाही. लहानपणी घड्याळ उघडलंन तेव्हाही असाच घुम्यासारखा बसला होता.”

“मग घड्याळ चाललं का?”

“छे!” अक्का म्हणाल्या. मिळाला मला धीर!

शेवटी एकदा दुकानातून निरोप आला, “ट्रायलला ये.” गिऱ्हाइकाला बोलवावं तसा. मी फणकाऱ्यानंच गेले. ह्यांनी ताडपत्री काढली, दार उघडून धरलं. मी बसले. उशी नाही, लोड नाही, आणि तरी समोरचा रस्ता दिसत होता. पाय टाकला तो थेट क्लचवर. दुसरा टाकला तो ब्रेकवर. पेडलवर लाकडाचे ठोकळे बसवले होते, त्यांना वरून माझ्या जुन्या चपलांचं रबर. सीट पुढे आलेली, तिला उंची, पाठीला माझ्या कमरेच्या बाकाइतकाच फुगवटा. आजवर मी त्या गाडीत ठेवलेली असायचे, त्या दिवशी पहिल्यांदा बसले.

“कुठे काचतंय? ओढतंय?” ह्यांनी विचारलं.

“नाही.”

“खांद्यात?”

“अहो, नाही म्हटलं ना.” मला एवढं बरं वाटलं की अबोला धरलेला आहे हे मी विसरूनच गेले.

पुढचे दिवस मी गाडी पळवली. हे शेजारच्या सीटवर. दुकानात जायला ह्यांनी माळ्यावरची सायकल काढली. “पाय मोकळे होतात. डॉक्टर सांगतात.” “कुठले डॉक्टर?” “पेपरात आलं होतं,” म्हणाले. मी म्हटलं, असेल बाई.

कॅम्पच्या दिवशी तेच मैदान, तेच साहेब. त्यांनी मला ओळखलं आणि चष्मा काढून आधी खिशात ठेवला. मग गाडीभोवती एक चक्कर मारली.

“हीच गाडी?”

“हीच, साहेब.”

“हे तुमचे मिस्टर?” हे उभे होते, गळ्यातला टेप काढायचा राहिलेला. साहेबांनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि देवाचं नाव घेऊन बसले.

मी गाडी काढली. पहिला, दुसरा. मग डाव्या हातानं तिसरा टाकून त्याच हातानं बटण लावलं, अगदी सहज, सदऱ्याचं लावावं तसं.

“हे काय केलंत?”

“काजबटण, साहेब. तिसरा निसटतो.”

साहेब सावरून बसले. त्यांनी खिडकीची कड घट्ट धरली. मी वळले. हात बाहेर काढला, तो बाहेरच गेला. मागे घेतली, खुणांच्या मधून काढली. तेवढ्यात मैदानाच्या कडेनं एक म्हैस उधळली, मागे तिची मालकीण ओरडत. मी बेलचं बटण दाबलं, ब्रेक दाबला. एकदाच. गाडी थांबली, म्हैस नाकासमोरून गेली, आणि साहेब सीटवर जसेच्या तसे बसलेले. शेवटी चढावर उभी करायला लावली. मला उकिरडा आठवला. पण पाय होते जिथल्या तिथे, पाठ टेकलेली. गाडी बोटभरही मागे सरकली नाही.

साहेबांनी कागदावर सही केली. “बाई, तुम्ही पास. गाडी नापास. ही कुठल्याही दुसऱ्या माणसाच्या हातात देऊ नका, एवढं वचन द्या.”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. भगवान धावत आला, म्हणाला, वहिनी, पेढे. मी ह्यांच्याजवळ गेले आणि किल्ली पुढे केली.

“आता तुम्ही चालवा घरापर्यंत. माझं काम झालं.”

“तूच चालव.”

“पुरे झालं कौतुक. चालवा म्हटलं ना!”

“नको गं.”

“का नको? बायको पास झाली तर रुसलात की काय?”

भगवानलाही चेव आला. “बसा की टेलर! वहिनींना आज मागं बसू द्या राणीसारखं.” असं म्हणून त्यानं ह्यांना दारातून आत ढकललंच. ह्यांचा एक पाय आत गेला. दुसरा काही जाईना. गुडघा स्टिअरिंगला अडकला, डोकं टपाला टेकलं, हनुवटी छातीवर. आणि मग ना आत, ना बाहेर. भगवाननं हात ओढला, मी खांदा ओढला, शेवटी साहेबांनी येऊन पाय ओढला, तेव्हा हे बाहेर आले. मैदानभर हशा. मीही हसत होते.

“अहो, सीट मागे घ्यायची होती ना आधी!”

“ती आता मागे जात नाही,” हे केस सारखे करत म्हणाले.

“म्हणजे? पुन्हा गंजली?”

“गंजली नाही. खालचा पत्रा कुजलाय सगळा. बोल्ट धरेल अशी एवढीशी जागा उरली होती. त्यात भोकं एकदाच पाडता येणार होती.” हे माझ्याकडे बघत नव्हते, गाडीकडे बघत होते. “माझ्या मापाची पाडायची का तुझ्या, एवढंच ठरवायचं होतं.”

माझं हसू तिथंच थांबलं. ज्या माणसानं लायसनची गरज पडेपर्यंत मला त्या गाडीचा हॉर्नसुद्धा वाजवू दिला नव्हता, तो माणूस ती सायकल डॉक्टरांसाठी चालवत नव्हता.

“आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीत?”

“विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”

खरंच म्हणाले असते. मी तिथे सगळ्यांसमोर ह्यांना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, शहाणे आहात का तुम्ही, एवढी जीव लावून सांभाळलेली गाडी, आता तुम्ही काय चालवणार? बोलता बोलता मी पदरानं डोळे पुसायला लागले. साहेब उगीचच दुसरीकडे बघायला लागले. “चल, पेढे घ्यायचेत,” हे म्हणाले, आणि जाऊन शेजारच्या सीटवर बसले, गुडघे पोटाशी घेऊन. घरापर्यंत क्लच सोड, गिअर टाक, म्हशी बघ, असं नुसतं भंडावून सोडलं मला. मी एकदाही उलटून बोलले नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे.

सोमवारी मी एकटीच गाडी घेऊन ऑफिसात गेले. साहेबांनी वर बघितलं.

“काय ठरलं, माळवदेबाई? वाहनाची सोय झाली?”

“झाली.”

“कुणाची गाडी आहे?”

इतकी वर्षं कुणीही विचारलं की मी सांगायचे, आमच्या ह्यांची. तेच शब्द तोंडात आले होते.

“माझी,” मी म्हणाले.